याकोबाची तेरा वचने, सहा बैठका: एका अभ्याससंचाचे परीक्षण

पहिल्या चार बैठका जवळजवळ जशाच्या तशा घ्या, पाचवी दुरुस्त करून घ्या आणि सहाव्या बैठकीतला नोंदतक्ता कोणाच्याही हातात देऊ नका. गटप्रमुखाला एवढेच सांगितले तरी निम्मे काम होते. पण तक्ता का नको, हे कळायला आधीच्या बैठका काय शिकवतात ते नीट पाहावे लागते. चार बैठकांत हा संच जे मेहनतीने उभे करतो, तेच शेवटच्या बैठकीत स्वतःच्या हाताने मोडतो.

संचाचा विषय एकच आहे: विश्वास खरा ठरायला सत्कृत्ये लागतात का? त्यासाठी बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली १४ ते २६ ही तेरा वचने घेतली आहेत आणि त्यांच्यासमोर प्रेषित पौलाची रोमकरांस, गलतीकरांस व इफिसकरांस लिहिलेली पत्रे ठेवली आहेत. सहभागींसाठी पुस्तिका, गटप्रमुखासाठी मार्गदर्शिका, सहा बैठका, प्रत्येकी ९० मिनिटे. गट आठ ते बारा जणांचा असावा, असे मार्गदर्शिका सांगते आणि ते योग्य आहे. पंधरा जण झाले की वचनावर बोलणे थांबते आणि जो तो आपापले मत मांडू लागतो.

पहिली बैठक शब्दांची आहे. पुस्तिका रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ ही दोन वचने शेजारी छापते. एकीकडे मनुष्य नियमशास्त्रातील (यहुदी धर्मनियमांतील) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणजे देवाच्या दृष्टीने निर्दोष मानला जातो; दुसरीकडे तो केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो. प्रचलित मराठी भाषांतरात पौलाकडे ‘कर्मे’ आणि याकोबाकडे ‘क्रिया’ असल्यामुळे मराठी वाचकाला वाटते की दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत आणि वाद तिथेच मिटला. मुळात दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच आहे, ‘एर्गॉन’. इफिसकरांस २:१० मध्ये मराठीत ‘सत्कृत्ये’ येते, तिथेही तोच. म्हणजे अडचण खरी आहे, भाषांतराने ती झाकली इतकेच. पुस्तिकेत याची नोंद नाही. गटप्रमुखाने आधीच सांगावे आणि तिन्ही ठिकाणच्या शब्दाखाली एकाच रंगाची रेघ मारून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते राहिले तर पुढच्या दोन बैठका पोकळ जातात.

फरक आहे तो शब्दाच्या शेजाऱ्यांत. पौल त्या वचनात ‘नियमशास्त्रातील’ कर्मे म्हणतो, आणि गलतीकरांस पत्रात तर वाद सुंतेवरून पेटलेला आहे. कोणत्या खुणेने माणूस देवाच्या लोकांत मोजला जातो, हा तिथला प्रश्न. याकोबासमोर उघडे आणि उपाशी भावंड उभे आहे. ‘विश्वास’ हा शब्दही दोघांकडे एकाच वजनाने येत नाही. याकोब २:१९ मध्ये देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. तिथे विश्वास म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे अशी कबुली. भुतांची माहिती अचूक आहे, कापण्याइतकी भीतीही आहे, फक्त स्वतःला देवाच्या हाती सोपवणे नाही. पौल ज्याला विश्वास म्हणतो त्यात हे सोपवणे असतेच. म्हणूनच गलतीकरांस ५:६ मध्ये तो प्रीतीच्या द्वारे काम करणाऱ्या विश्वासाबद्दल बोलतो. हा भाग संचाने फार चांगला मांडला आहे. १४ व्या वचनाच्या शेवटी ‘विश्वास’ या शब्दाला ग्रीकमध्ये उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) आहे, त्यामुळे प्रश्न ‘तसला विश्वास त्याला तारू शकेल काय?’ असा ऐकू येतो, आणि प्रश्नाची घडणच ‘नाही’ हे उत्तर गृहीत धरणारी आहे. मार्गदर्शिकेतली ही टीप मोठ्याने वाचून दाखवावी.

एक जागा मात्र झटकन ओलांडावी. १८ व्या वचनात कोणी आक्षेप घेणारा बोलतो. जुन्या ग्रीक लिखाणात अवतरणचिन्हे नसल्यामुळे त्याचे बोलणे नेमके कुठे संपते यावर अभ्यासकांत एकमत नाही. संच यावर अर्धा तास देतो. दहा मिनिटे पुरेत. वाचलेला वेळ २० व्या वचनाला द्या. तिथे क्रियांवाचूनच्या विश्वासाला याकोब ‘आर्गे’ म्हणतो. संस्कृतासारखाच ग्रीकमध्येही नकाराचा ‘अ’ लागतो. ‘अ’ आणि ‘एर्गॉन’ मिळून झालेला हा शब्द: काम नसलेला, बिनकामाचा. क्रियांवाचून विश्वास हा काम न करणारा, असा शब्दाचा खेळ आहे तो. (काही हस्तलिखितांत इथे ‘मृत’ हा शब्द आहे, त्यामुळे भाषांतरे वेगवेगळी दिसतात.) मराठी माणसाला हा ‘अ’ समजावून सांगावा लागत नाही. संचाने एवढी सोपी वाट का सोडली, कळत नाही.

दुसरी बैठक अब्राहामाची, आणि संपूर्ण संचात सर्वांत सरस. पौल रोमकरांस ४ मध्ये आणि याकोब इथे, दोघेही जुन्या करारातले उत्पत्ती १५:६ हेच वचन उद्धृत करतात: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणले गेले. दोघांचे निष्कर्ष उलट दिसतात. पुस्तिका सहभागींना एक आडवी रेघ ओढायला लावते आणि तिच्यावर वये लिहायला सांगते. हारान सोडताना ७५ (उत्पत्ती १२:४). इश्माएल जन्मला तेव्हा ८६ (१६:१६). सुंता झाली तेव्हा ९९ (१७:२४). इसहाक जन्मला तेव्हा १०० (२१:५). मग पंधरावा अध्याय कुठे बसतो ते शोधायचे: ७५ आणि ८६ यांच्या मध्ये. आणि बावीसावा, ज्यात अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो? इसहाक तिथे होमाची लाकडे अंगावर घेऊन चालतो, म्हणजे शंभरीच्या बरीच वर्षे पुढे.

रेघ पुरी झाली की दोघांचे बोलणे डोळ्यांना दिसते. पौल पंधराव्या अध्यायाच्या ठिपक्यावर उभा राहून मागे बघतो आणि विचारतो, इथपर्यंत अब्राहामाने काय केले होते? सुंता तर अजून तेरा वर्षे तरी लांब आहे. याकोब बावीसाव्या अध्यायावर उभा राहून म्हणतो, पंधरामध्ये जे वचन बोलले गेले ते इथे पूर्ण झाले. याकोबाच्या २२ व्या वचनातली दोन क्रियापदे इथे हाताशी धरावीत: विश्वास त्याच्या क्रियांबरोबर ‘काम करत होता’ आणि क्रियांनी तो ‘पूर्णत्वाला’ पोहोचला. बावीसाव्या अध्यायात विश्वास जन्मला, असे याकोब म्हणत नाही. तो आधीपासून होता. चौदाहून अधिक वर्षांनी तो पुरता वाढलेला दिसला.

या बैठकीत एक चूक हमखास होते. कोणीतरी म्हणते, ‘याकोबाकडे नीतिमान ठरणे म्हणजे लोकांसमोर नीतिमान दिसणे, झाले.’ मार्गदर्शिकाही हेच उत्तर देते आणि पुढे जाते. या अर्थाला आधार आहे. लूक ७:३५ मध्ये ज्ञान आपल्या लेकरांकडून खरे ठरते, तिथे हेच क्रियापद आहे, आणि सोळाव्या शतकातल्या कॅल्विनसारख्या धर्मसुधारक भाष्यकारानेही याच वाटेने हा गुंता सोडवला. पण इसहाकासाठी वेदी रचली त्या मोरियाच्या डोंगरावर बघायला लोक कोण होते? चाकरांना तर अब्राहामाने खाली गाढवापाशी थांबवले होते. शिवाय याकोब १२ आणि १३ व्या वचनांत न्यायाबद्दल बोलतो आणि १४ व्यात तारणाबद्दल. म्हणून हे क्रियापद शेवटच्या न्यायनिवाड्याकडे बोट दाखवते, असे मानणारेही बरेच आहेत. गटासमोर दोन्ही अर्थ ठेवावेत आणि कोणता बरोबर ते लगेच ठरवू नये. संच घाईने दार बंद करतो, हे त्याचे एक मोठे वैगुण्य.

तिसरी बैठक राहाबेची, म्हणजे २५ व्या वचनातल्या, इस्राएलाच्या हेरांना आसरा देणाऱ्या बाईची. छोटी आहे, छान आहे. यहोशवा २ पूर्ण वाचायचा, सुटी वचने नाही. तिने छपरावर सणाच्या काड्यांखाली हेर लपवले ते सहाव्या वचनात, आणि देव कोण हे आपण ओळखतो असे ती बोलली ते नवव्यापासून अकराव्यापर्यंत. म्हणजे कथेत हात आधी आले आणि कबुली मागून. यानंतर इब्री लोकांस ११:३१ वाचावे: त्याच कृतीची नोंद तिथे विश्वासाच्या यादीत आहे. एकाच बाईचे एकच काम, एक पत्र त्याला विश्वास म्हणते आणि दुसरे क्रिया. या विषयावर याहून स्पष्ट दाखला पवित्र शास्त्रात सापडणे अवघड. संच इब्री लोकांस पत्राचा उल्लेख तळटीपेत करतो. तो वर आणावा आणि त्यावरच पंधरा मिनिटे बोलावे.

चौथी बैठक १५ आणि १६ या दोन वचनांवर ९० मिनिटे थांबते आणि एक मिनिटही वाया जात नाही. कोणी भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुमच्यापैकी एकजण म्हणतो: सुखाने जा, ऊब मिळो, तृप्त व्हा. बोलणाऱ्याच्या शब्दांत काही वाईट नाही. ते आशीर्वादाचे शब्द आहेत, प्रार्थनेच्या शेवटी शोभतील असे. ग्रीकमधली ती दोन क्रियापदे अशा रूपात आहेत की ऊब कोण देणार, पोट कोण भरणार, हे त्यांतून कळतच नाही. कर्ता गायब आहे. हाच तर मेलेल्या विश्वासाचा आवाज.

आणि आता त्या वाक्याचे व्याकरण पाहा, कारण संचातली सर्वांत मोलाची टीप हीच आहे. बोलणारा एकवचनी आहे: ‘तुमच्यापैकी कोणी एकजण म्हणतो’. पण पुढचे ‘शरीराला लागणाऱ्या गोष्टी देत नाही’ हे अनेकवचनात आहे: तुम्ही सगळे देत नाही. तोंड एकाचे उघडले, हात सगळ्यांचे अडकले. भुकेल्या भावंडाचा जाब याकोब एका फुशारकी मारणाऱ्या सभासदापाशी संपवत नाही, अख्ख्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या समुदायाला विचारतो. मराठी वाचताना हा बदल नजरेतून सुटतो. गटप्रमुखाने तो फळ्यावर लिहून दाखवावा: एकजण / तुम्ही सगळे. तो फळा पुढे सहाव्या बैठकीपर्यंत पुसू नये.

२६ व्या वचनातले शरीर आणि आत्मा हेही याच बैठकीत येते. ‘आत्मा’ यासाठीच्या ग्रीक शब्दाचा एक अर्थ श्वास. गटात हटकून गोंधळ होतो, कारण लोकांची अपेक्षा असते की विश्वास आत्म्यासारखा आणि क्रिया शरीरासारख्या. याकोब उलट जोडी लावतो: विश्वास हे शरीर, क्रिया हा श्वास. श्वास घेऊन कोणी जिवंत राहण्याचा हक्क विकत घेत नाही. जिवंत आहे म्हणून श्वास चालतो, आणि श्वास थांबला तर शरीर आहे तसे दिसत राहते पण ते प्रेत असते. ‘सत्कृत्यांनी तारण कमवायचे का?’ आणि ‘सत्कृत्यांवाचून विश्वास खरा असतो का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींना ‘नाही’ म्हणता येते, हे या एका उपमेने लोकांना पटते.

पाचवी बैठक इतिहासाची, आणि इथे संच घसरतो. पुस्तिकेच्या मते सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याला क्रिया नको होत्या आणि त्याच काळातल्या कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने तारण क्रियांवर ठेवले. दोन्ही विधाने चूक आहेत. ल्यूथरने १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले, हे खरे. पुढे संपूर्ण बायबल छापताना ते वाक्य गाळले गेले. रोमकरांस ३:२८ च्या जर्मन भाषांतरात त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला, हेही खरे. गंमत नव्हे, गंभीरपणे लक्षात घ्यायची गोष्ट ही की ‘केवळ विश्वासाने’ ही शब्दजोडी नव्या करारात मुळात एकाच ठिकाणी आहे, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे ती नाकारलेली आहे. पण त्याच १५२२ मध्ये रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिले की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे आणि आगीपासून जळणे व उजेड जसे वेगळे करता येत नाहीत तशी विश्वासापासून कृत्ये वेगळी करता येत नाहीत. ही दोन मते शेजारी ठेवल्याशिवाय ल्यूथरचे नावही घेऊ नये.

त्याच्यामागे त्याच्याच अनुयायांत जो वाद झाला तो पुस्तिकेत अजिबात नाही, आणि तो तर या संचाच्या विषयाचा गाभा आहे. गेओर्ग माजर म्हणाला, सत्कृत्ये तारणासाठी आवश्यक आहेत. निकोलाउस फॉन आम्सडॉर्फने १५५९ मध्ये दुसरे टोक गाठले: सत्कृत्ये तारणाला घातक आहेत. १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या लुथरन मतपत्राने चौथ्या कलमात दोन्ही वाक्ये नाकारली. सत्कृत्ये आवश्यक आहेत, पण तारण मिळवण्याच्या कामात त्यांना मिसळू नये. आणि ती घातक ठरतात ती माणूस त्यांच्यावर भरवसा टाकतो तेव्हा. ही रेघ बारीक आहे, पण गटात ती समजते, कारण तोपर्यंत श्वासाची उपमा सगळ्यांच्या डोक्यात असते.

ट्रेंटचे म्हणाल तर सहाव्या सत्राचा, १३ जानेवारी १५४७ चा निर्णय काढून पहिलाच नियम वाचावा. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरू शकतो, असे म्हणणाऱ्याला तो नियम दोषी ठरवतो. नववा नियम ‘केवळ विश्वासाने’ याच्या विरोधात आहे हेही लपवू नये. विरोध खरा होता, फक्त पुस्तिकेने रेखाटला आहे तसा नव्हता. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ची नीतिमान ठरण्याबद्दलची आउग्सबुर्गची संयुक्त घोषणा यायलाच हवी. लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी तिच्यावर सह्या केल्या. ४४ परिच्छेदांच्या त्या मजकुरात सत्कृत्ये ही नीतिमान ठरवले जाण्याच्या मागून येतात आणि त्याची फळे असतात, असे दोघे मिळून म्हणतात. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. पुस्तिका १५४७ वर येऊन थांबते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते भांडण अजून तिथेच आहे.

आता तो तक्ता. सहाव्या बैठकीत प्रत्येकाला एक कागद मिळतो. आडव्या ओळीत सात वार, उभ्या रकान्यांत प्रार्थना, उपवास, दान, भेटी, मदत. आठवडाभर खुणा करायच्या आणि तळाशी बेरीज मांडून ‘माझा विश्वास जिवंत आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर लिहायचे.

हे तीन कारणांनी चूक आहे आणि पहिले कारण तर फळ्यावरच लिहिलेले आहे. याकोबाने ‘तुम्ही सगळे’ म्हटले, तक्ता ‘मी’ विचारतो. दुसरे: लूक १८:१२ मधल्या परूश्याच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या) प्रार्थनेत आठवड्यातून दोनदा उपवास आणि मिळकतीचा दशांश आहे. हे याच तक्त्याचे रकाने झाले, आणि तो माणूस नीतिमान ठरून घरी गेला नाही. मत्तय ७:२२ आणि २३ मध्ये तर खुणांनी भरलेला कागद घेऊन लोक न्यायाच्या दिवशी उभे राहतात आणि ‘मला तुमची ओळख नव्हती’ असे ऐकतात. कृत्ये मोजून विश्वासाची खात्री होत नाही, हे शास्त्र इतक्या उघडपणे सांगते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. हा कागद चुकीच्या माणसाला जखम करतो. ज्याचे मन निबर आहे तो रकाने भरून समाधानाने झोपतो. अंथरुणाला खिळलेली बाई, नैराश्याने ज्याला सकाळी उठवत नाही असा तरुण, ज्याच्या खिशात दान द्यायला काही नाही तो, हे रिकामा कागद बघून ठरवतात की आपला विश्वास मेला. रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा ८६ वा प्रश्न विश्वासाच्या फळांवरून खात्री मिळते असे म्हणतो खरा, पण तिथे हे अनेक कारणांपैकी एक आहे आणि त्याआधी उपकारस्तुती येते. बेरजेचा तिथे मागमूसही नाही. मार्गदर्शिका येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला ‘अपवाद’ म्हणून बाजूला काढते. लूक २३:४० ते ४२ वाचून पाहा. दोन्ही हात खिळलेले असताना त्याने सोबत्याला दटावले, आपली शिक्षा न्याय्य आहे असे कबूल केले, येशू निर्दोष आहे असे उघड बोलला आणि त्याच्याकडे विनंती केली. त्याच्या शरीरात जेवढा श्वास उरला होता तेवढा त्या विश्वासाने घेतला. अपवाद कसला त्यात?

तक्त्याच्या जागी हे करावे. गटाने एकच मोठा कागद घ्यावा आणि वर कोणाचेही नाव लिहू नये. डावीकडे गरज: मंडळीत किंवा शेजारात कोणाला काय कमी आहे. मध्ये वस्तू किंवा काम, नेमके: किती, कोणत्या मापाचे, किती वेळाचे. उजवीकडे तारीख. ‘मदत करू’ अशी ओळ चालणार नाही, कारण तिच्यातही कर्ता गायब आहे. ज्याला मदत जाणार तो गटात बसलेला असेल तर त्याची गरज आधी एकांतात विचारून घ्यावी, चारचौघांत नाही. चारपेक्षा जास्त ओळी घेऊ नयेत. लांब यादी पहिल्या आठवड्यातच थकते. अंथरुणाला खिळलेल्यांना कागदाच्या बाहेर ठेवू नये. कोणाला काय हवे याची खरी माहिती पुष्कळदा त्यांच्याकडेच असते. बैठकीची शेवटची पंधरा मिनिटे तीताला पत्र ३:५ आणि ३:८ एकापाठोपाठ वाचायला द्यावीत: आपण केलेल्या नीतीच्या कर्मांनी तारण झाले नाही, आणि विश्वास ठेवणाऱ्यांनी सत्कृत्यांना वाहून घ्यावे. दोन्ही वाक्ये तीन वचनांच्या अंतरात, एकाच श्वासात.

महिन्याने गट पुन्हा बसेल तेव्हा झालेल्या ओळी खोडाव्यात, राहिलेल्या का राहिल्या ते विचारावे आणि कागद फाडून टाकावा. तो जपून ठेवला की पुढच्या वर्षी कोणीतरी त्याची बेरीज मांडते.